नव्वद नंबरांची पिशवी

मावशींनी मदत केली, हे सगळ्यात आधी लिहून टाकतो. नाहीतर गोष्टीच्या भरात राहून जाईल आणि वाचणाऱ्याला वाटेल, हे सगळं मी एकट्यानं केलं.

मावशी म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. सोपाऱ्याच्या पश्चिमेला, वाड्यांच्या पट्ट्यात त्यांचं बैठं घर आहे. मागे केळी, कडेला मोगरा, आणि मोगऱ्याला लागून एक खोली. त्या खोलीत मी राहतो. घरच्या माणसांशी त्या त्यांची गावची बोली बोलतात, ती मला अजून अर्धीच कळते. माझ्याशी मात्र बाजारातली मराठी. पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "पोरा, खोली लहान आहे, पण ओटा मोठा आहे. ओट्यावर बसायला विचारायला लागत नाही." पुढचं सगळं त्या ओट्यावरच घडलं.

मी वाशीमकडचा. नववीत शाळा सुटली. वडील आजारी पडले, आधी आठवडाभर दांडी पडली, मग ती पडलीच. आता तुळिंजला एका झेरॉक्सच्या दुकानात मशीन सांभाळतो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार टाइप करून देता देता मराठी टायपिंगला हात चांगला बसला. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. त्या वेळात दुकानाच्या कॉम्प्युटरवर मी एक मराठी संकेतस्थळ वाचायचो. तिथे कुणीही धागा काढतं, खाली प्रतिसाद येतात, भांडणं होतात, पाककृती होतात. दोन वर्षं मी नुसता वाचत होतो. एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलं की शुद्धलेखन दिसणार, आणि शुद्धलेखन दिसलं की शाळा दिसणार, ही भीती.

एकदा तिथे कुणीतरी एक खेळ सुरू केला. खेळ असा, की एक जण जग सांगतो, डोंगर, राक्षस, जादूची विहीर, काय वाटेल ते. बाकीचे त्या जगात एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते लिहितात. गंमत अशी की जग सांगणाऱ्यालाही पुढे काय येणार ते माहीत नसतं. त्याच्याकडे एक यादी असते. तो फासा टाकतो, जो आकडा पडेल त्याच्यापुढे यादीत जे लिहिलं असेल ते घडतं. खेळायला तिघं जमले: सांगलीकडचे गणिताचे निवृत्त मास्तर नावाडी झाले, नाशिकच्या बँकेतल्या एक ताई वैदीण झाल्या, आणि बंगळूरला नोकरी करणारा एक मुलगा चोर झाला. आणि सुरू करणारा दोन दिवसांत गायब! तिघं नदीच्या काठावर तसेच उभे. रोज कुणीतरी लिहायचं, "अहो, आम्ही अजून काठावरच आहोत."

त्यांना तसं उभं बघवेना. मी लिहिलं, "मी पुढे चालवू का?" आणि कॉम्प्युटर बंद करून टाकला. दुसऱ्या दिवशी उघडला तर तिघांचेही प्रतिसाद. "चालवा की." "विचारता काय, काठावर उभं राहून पाय दुखले." "पुभाप्र," म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

आता फासा कुठून आणायचा? या खेळाचे फासे वीस बाजूंचे, शंभर बाजूंचे असतात म्हणे. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, त्याची सुरुवातीची पानं कशीबशी लावली आणि सोडून दिलं. सकाळी ओट्यावर बसून लुडोचा फासा पुन्हा पुन्हा टाकून बेरजा करत होतो. मावशी शेजारी मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या.

"सकाळी सकाळी जुगार काय रे?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी कळ्यांवर ओलं फडकं टाकलं, आत गेल्या आणि एक जाड कापडाची पिशवी घेऊन आल्या. आत लाकडाच्या छोट्या सोंगट्या, एक ते नव्वद. हाऊजीचे नंबर, पुकारले की लोक आपल्या तिकिटावर खोडतात ते. चर्चच्या हॉलात, गावच्या सणाला, मावशी कित्येक वर्षं हाऊजीचे नंबर पुकारायच्या. आता पुकारत नव्हत्या. का, ते तेव्हा सांगितलं नाही.

"हे घे. मला नको आता. आत बघायचं नाही, मान वर ठेवायची. आणि हा रुमाल. नंबर काढणाऱ्या हाताला बांधायचा."

"रुमाल कशाला?"

"बांधायचा म्हणून बांधायचा."

रुमाल मी घडी करून पिशवीच्या तळाशी ठेवून दिला.

मग मी यादी लिहायला बसलो. दुकानात बिघडलेल्या झेरॉक्सचे पाठकोरे कागद ढिगानं असतात. त्यावर नव्वद प्रसंग लिहिले. तीन रविवार लागले. चार नंबरला, 'राक्षस, पण जेवलेला.' बावीसला, 'पूल आहे, पण पलीकडून कुणीतरी तो गुंडाळत येतंय.' सदुसष्टला, 'टोलनाका चालवणारा वेताळ. सुट्टे नसतील तर गाणं म्हणा.' एक्केचाळीसला लिहिलं, 'नाव फुटते. एक जण बुडतो. कोण, ते आपसात ठरवा.' तो कागद उलटून पाहिला तर मागे कुणाचा तरी शाळा सोडल्याचा दाखला होता, अर्धा काळा आलेला. माझा तर मी नेलाच नव्हता शाळेतून.

खेळ रंगला, हे मी न लाजता सांगतो. रोज सकाळी कामावर निघण्याआधी ओट्यावर एक नंबर काढायचा, दुकानात पोचलो की आकडा धाग्यावर टाकायचा, दुपारी दोनला प्रसंग लिहायचा. मला कळत होतं की मी हे चांगलं करतोय. वेताळाच्या नाक्यावर चोरानं असं काही गाणं रचलं की धागा दोन दिवस पहिल्या पानावर होता. नुसते वाचणारे लोकही विचारायला लागले, "धागामालक, आज उशीर?" मालक! दुकानात मला लोक 'ओ झेरॉक्स' म्हणून हाक मारतात.

मावशीही गुंतल्या. "काल तो चोर विहिरीत उतरला होता, आला का वर?" आईचा फोन आला की विचारायची, "काय करू राह्यला रे?" मी सांगायचो, "नंबर काढू राह्यलो." तिला वाटलं लॉटरी. तिनं मला देवीची शपथ घातली.

एकोणसत्तर नंबर झाले आणि मास्तरांचा प्रतिसाद आला.

"धागामालक, मी पहिल्यापासूनचे आकडे मांडून पाहिले. नव्वदातून एकोणसत्तर वेळा काढले आणि एकही आकडा दुसऱ्यांदा आला नाही? नशिबाला एवढी शिस्त नसते. तुम्ही नशिबाचं नाव सांगता आणि आपल्या मनाची गोष्ट लिहिता. मग आम्ही खेळतो कशाला? कथा म्हणून छापा, वाचू."

खाली चोर: "मास्तरांनी मालकाचा खिसा कापला. धंदा माझा होता!"

खाली नाशिकच्या ताई: "खरं काय ते सांगा. आम्ही रागावणार नाही."

या शेवटच्या वाक्यानं माझं पाणी पाणी झालं. संकेतस्थळावर एकदा माणूस खोटा ठरला की त्याचं सगळं जुनं उकरून काढतात. दुसऱ्या नावानं लिहितो का, शिकलाय किती, पोटाला काय करतो. आणि तो धागा गेला असता तर माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवतं अशी दुसरी जागा मला नव्हती. तीन दिवस मी काही लिहिलं नाही. दुपारी दोनला दुकानातले कागद मोजत बसलो.

चौथ्या सकाळी मावशींनीच विचारलं, "पिशवी आजारी आहे काय?"

मी सांगितलं. त्या आधी हसल्याच. "परत टाकायचा? काढलेला नंबर परत पिशवीत टाकतात काय कुठे? हॉलात लोकांनी मला खुर्च्या मारल्या असत्या."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. फाशावरचा आकडा पुन्हा पडू शकतो. हाऊजीचा नंबर एकदा निघाला की फळीवर जातो, परत पिशवीत येत नाही. मी पहिल्या दिवसापासून हाऊजी खेळत होतो आणि मास्तर फासा समजून हिशेब करत होते. मला एवढं हलकं वाटलं की उठून नाचावं.

"मग खोटं काहीच केलं नाहीस ना?" मावशी म्हणाल्या.

"नाही."

"रुमाल बांधलास?"

मी पिशवीच्या तळातून रुमालाची घडी तशीच काढून दाखवली.

मावशींनी पिशवी मांडीवर घेतली, मान वर केली, आत हात घातला आणि न बघता म्हणाल्या, "एक्केचाळीस." सोंगटी बाहेर काढली. एक्केचाळीसच. तिची कड तुटलेली होती. "माझ्या हातून पडली होती, फरशीवर. म्हणून रुमाल. बोटांना सगळं पाठ होतं, पोरा. बोटं आपल्याला विचारत नाहीत."

माझी बोटं मात्र मला विचारत होती, आणि मी त्यांना सांगत होतो. मला ती कड केव्हाची माहीत होती. हाताला लागली की मी ती सोडून शेजारची सोंगटी उचलायचो. दर वेळी मनात एकच, आज कुणी बुडालं तर ते उद्या येणार नाही, आणि एक गेला की बाकीचे दोघंही जातील. मास्तरांचा आरोप चुकीचा होता, पण मी धुतल्या तांदळासारखा नव्हतो.

मग मावशींनी त्यांचं सांगितलं. एका सणाला त्यांनी नऊ पुकारला. त्यावर त्यांच्या भाचीचं फुल हाऊस झालं, म्हणजे तिकिटावरचे सगळे नंबर खोडून झाले, बक्षीस मिक्सर. फळीवर सोंगटी ठेवताना कुणाला तरी दिसलं, नऊ नाही, इंग्रजी आकड्यातला सहा. खालची रेघ पुसली गेली होती, त्या उलटा वाचून बसल्या. हॉलात कुजबुज झाली, भाचीला मिक्सर दिला म्हणून. "मी काहीच बोलले नाही. पिशवी उचलली आणि घरी आले. परत माइकला हात लावला नाही. लोकं काय म्हणाली, 'बघा, गप्प बसली, म्हणजे खरंच.'" त्यांनी एक कळी चिमटीत धरली आणि तशीच ठेवली. "मी गप्प बसले. तू बसू नकोस."

त्या दुपारी मी लिहिलं. पिशवी हाऊजीची आहे, काढलेला नंबर परत जात नाही, निघालेल्या सोंगट्यांचा हा फोटो. इंग्रजी नियम मला झेपले नाहीत, मी नववी सोडलेला आहे. आणि एक्केचाळीसची कड माझ्या बोटांना माहीत होती, मी ती टाळत आलो, ही चूक माझी. उरलेल्या एकवीस प्रसंगांची यादीही देऊन टाकली, एक्केचाळीससकट. यापुढे हाताला रुमाल बांधीन. यावर तुम्ही म्हणाल तसं.

मास्तरांचं उत्तर संध्याकाळी आलं. "गणित माझं बरोबर होतं, खेळ कोणता ते मी विचारलं नाही. ती चूक माझी. एक्केचाळीसची तुमची. दोन्ही मान्य करून पुढे जाऊ. नववीचं का लिहिलंत? ते कुणी विचारलं नव्हतं. शिल्लक एकवीस."

ताई म्हणाल्या, "रुमाल धुतलेला आहे ना?"

आता काय काय पिशवीत आहे ते सगळ्यांना माहीत होतं, आणि खेळ आधी कधी नव्हता इतका ताणला गेला. पहिल्या दिवशी भरल्या विहिरीचा नंबर आला, दुसऱ्या दिवशी झोपलेल्या सरदाराचा. तिसऱ्या सकाळी मावशींनी रुमालाची गाठ मारली, मी मान वर केली आणि काढला. सोंगटी बघायच्या आधी मावशींचा चेहरा बघितला, आणि कळलं.

मी आकडा टाकला. एक अख्खा दिवस धाग्यावर कुणी बोललं नाही. मला वाटलं, गेलं.

मग मास्तर: "नाव माझी आहे. उतरणाऱ्यांत नावाडी शेवटचा. यात आपसात ठरवायचं काय? वैदीणबाईंना आणि चोराला काठावर सोडलं. शिल्लक अठरा."

ताईंनी नावाड्यासाठी काठावरून दिवा सोडला. चोरानं, पहिल्यांदाच, काही चोरलं नाही. आणि मास्तर गेले नाहीत. त्यांचं पात्र नव्हतं, तरी रोज यायचे, सगळं वाचून फक्त आकडा लिहून जायचे. शिल्लक अकरा. शिल्लक चार. मावशींना मी बातमी दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "बुडाला? अरेरे, बरा माणूस होता." मग थांबून, "पण गाठ घट्ट होती ना?"

"घट्ट होती."

"मग झालं तर."

गेल्या महिन्यात पिशवी रिकामी झाली. मास्तरांनी लिहिलं, "शिल्लक शून्य. पुढच्या खेळाला पिशवी हीच आणि मालक हेच. मी या वेळी राक्षस होणार, जेवलेला." आता नवीन यादी लिहितोय.

सोंगट्या परत पिशवीत भरताना मी दोन कामं केली. एक्केचाळीसची कड लाखेनं भरून गुळगुळीत केली. सहा आणि नऊखाली लाल रंगानं जाड रेघ ओढली, न पुसणारी. मावशींना दाखवलं तर म्हणाल्या, "छान केलंस," आणि पिशवी माझ्याकडेच सरकवली.

पण पिशवी त्यांची आहे. मी त्या गावचा नाही, त्या हॉलात मला कुणी ओळखत नाही, आणि माइकवर मी कधी बोललेलो नाही. तरी एका सणाला मी तिथे उभा राहीन आणि सगळ्यांसमोर सांगेन, त्या दिवशी सहाच्या खालची रेघ पुसली होती, ही पिशवी मी नव्वद वेळा हाताळली आहे, मला माहीत आहे. मग मावशींच्या हाताला रुमाल मी बांधीन आणि पहिला नंबर त्या पुकारतील. कोणत्या वर्षी, ते आज सांगता येत नाही. पण मी हे करणार आहे, मावशी.