रामनाथकाकांच्या गाडीचं तेल जातं कुठे?

रामनाथकाका बसत नाहीत, टेकतात. खुर्चीच्या कडेला, ओट्याच्या कडेला, पलंगाच्या कडेला. आणि चहाचा कप अर्धा व्हायच्या आत उठतात. आनंदीकाकी म्हणते, "ह्यांना खुर्ची कशाला? नुस्ती कड द्या."

तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून त्यांचा जन्म गेला. दर तासाला प्लँटमध्ये फेरी मारायची, टाक्यांची लेव्हल बघायची, खाली गेली असेल तर भरायची आणि ओरडून सांगायचं, कारण पंपांच्या आवाजात हळू बोललेलं कोणाला ऐकूच जात नाही. काका रिटायर झाले, पण फेरी सुटली नाही आणि तो आवाजही सुटला नाही. उमरोळीत आमचं घर त्यांच्या शेजारी, त्यामुळे त्यांच्या घरातल्या सगळ्या लेव्हली आम्हाला कुंपणावरून कळतात.

"टाकी हाफ! मोटर चालू!"

आतून काकी: "अहो, हळू. टाकी पण दचकली."

यंदा त्यांची समिधा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि काकांच्या फेऱ्या दुप्पट झाल्या. त्याला कारण होतं. समिधा झाली त्या दिवशी काका प्लँटवर होते. बदलीचा माणूस आला नाही आणि चालू प्लँट सोडून निघता येत नाही. काकी भाजीच्या टेम्पोत बसून पालघरच्या दवाखान्यात गेली. काका पोचले तोवर सगळं आटपलं होतं. काकी हे भांडणात काढत नाही, हीच खरी पंचाईत. ती ते सहज काढते, शेंगा सोलता सोलता. "ह्ये आले तेवा पोरगी न्हाऊनधुवून झोपली होती. कोण आलंय म्हणून एक डोळा उघडला आन् परत मिटला."

काका तेव्हा उठतात. अंगणात जाऊन कशाची तरी लेव्हल बघतात.

या वेळी मात्र त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. "मी नेणार. माझ्या गाडीतून. आन् दारात उभा ऱ्हाणार. रडलेलं पयलं मी ऐकणार."

म्हणून मग गाडीचं सर्व्हिसिंग. बोईसरच्या शोरूममध्ये गाडी दिली, तेल बदललं, फिल्टर बदलला, आतून पुसून सुगंधी फवारा मारून दिली. काकांनी घरी आणून ती उलटी लावली. एरवी गाडी ओट्यालगत, सिमेंट केलेल्या जागेत उभी असते. आता ती खाली, रस्त्याकडे तोंड करून, अंगणाच्या उतारावर उभी. आमच्याकडे अंगणं उतारालाच असतात, पावसाचं पाणी घरात यायला नको म्हणून. "कळा आल्या की रिव्हर्स मारत बसू काय?" काका म्हणाले. "बसलं, चावी मारली, निघालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं, डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, ओढून बाहेर काढली, पुसली, घातली, परत काढली. आणि अख्ख्या आळीला ऐकू गेलं:

"तेल लोऽऽ!"

समिधा खिडकीतून म्हणाली, "बाबा, कालच तर भरलंय."

"तेच म्हणतो मी! काल भरलं ते गेलं कुठे?"

गाडी तशीच बोईसरला. मला कॉलेजला जायचं होतं म्हणून मीही बसले. शोरूममध्ये भावेश नावाचा सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. त्याचं प्रत्येक वाक्य 'ॲक्च्युली'ने सुरू होतं आणि 'टेन्शन नका घेऊ'वर संपतं, मध्ये काय असतं ते त्यालाही माहीत नसावं. त्याने वर्कशॉपमध्ये गाडी घेतली, पट्टी काढली, काकांच्या नाकासमोर धरली.

"ॲक्च्युली काका, लेव्हल एकदम परफेक्ट आहे. टेन्शन नका घेऊ."

काकांनी बघितलं. खरंच होती.

"सकाळी नव्हती."

"ॲक्च्युली तेल थंडगरम झालं की थोडं..."

"मला नको शिकवू. जिंदगी लेव्हल बघण्यात गेली माझी."

"काका, टेन्शन—"

"मी घेणार!" काका म्हणाले. "तुला नसेल घ्यायचं तर नको घेऊ."

संध्याकाळी गाडी परत उतारावर. सकाळी परत, "लोऽऽ!" आता काकांची खात्रीच पटली की शोरूमवाल्यांनी काहीतरी करून ठेवलंय आणि वर हात झटकतायत. परत तिकडे जायचं नाही. त्यांनी बाजारातून तेलाचा डबा आणला आणि पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत भरलं. गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी पोटावर पडून बघितलं, तर थेंब नाही. इंजिनाच्या खालच्या बुचाला बोट लावून वास घेतला, ते सुकं. सायलेन्सरला रुमाल धरला, तो काळा झाला. काकी म्हणाली, "तो माजा रुमाल."

पण गाडी एकदा केळव्याला फिरवून आणली की तेल खरोखरच थोडं कमी व्हायला लागलं. काका भरायचे. ते परत कमी व्हायचं. काका परत भरायचे.

समोरचे बळवंतदादा रोज दात घासत घासत यायचे आणि तोंडातला फेस सांभाळत एक नवी शंका सोडून जायचे. "रामनाथ, कोनीतरी काढून नेत असंल."

"इंजिनातलं तेल कोण काढील, दादा?"

"कोळंबीच्या बोटीला लागतं ना."

"आपल्या इथे बोट कुठाय?"

"तेच म्हंतो. लांबून येत असतील." आणि चूळ भरायला निघून जायचे.

काका हसले नाहीत. त्या रात्री अंगणातला दिवा चालू ठेवला गेला.

आठवडाभरात काकांचा जीव नुसता वरखाली. जेवताना उठायचे. बोलता बोलता उठायचे. समिधाला उचकी लागली तरी चावी हातात घ्यायचे. एकदा तिने वैतागून सांगितलं, "बाबा, बाळ माज्या पोटात हाय, तुमच्या बॉनेटमध्ये नाय." तर म्हणतात, "तुझं सगळं नीट हाय गो, डॉक्टरनी सांगितलंय. हिचंच कळत नाय." आणि परत उतारावर. मला वाटतं, पोरीची काळजी त्यांना सरळ करताच येत नव्हती. तिला धरून बघायला पट्टी नव्हती ना.

समिधाच्या कळा सुरू झाल्या त्या दुपारच्या जेवणावर. काकीने गॅस बंद केला, पिशवी उचलली, मला हाक मारली, "मेघाली, चल, धरायला कोन तरी पायजे." आम्ही तिघी गाडीपाशी येतो तर काका बॉनेट उघडून उभे, आणि डब्यात उरलेलं सगळं तेल इंजिनात ओततायत.

"अहो, काय करताव?"

"वाटेत कमी पडायला नको. सेफ साइड!"

गाडी सुटली. उमरोळी मागे पडेपर्यंत ठीक होती. मग मागच्या काचेतून बघितलं तर रस्ताच दिसेना. पांढरट निळा धूर, इतका की मागचा मोटारसायकलवाला खोकत पुढे आला आणि खिडकीपाशी येऊन ओरडला, "ओ काका, जलतंय काय तरी!" इंजिन धापा टाकायला लागलं. काका पाय दाबतायत आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी नुसती थरथरतेय. समिधाने माझा हात असा आवळला की माझीच कळ निघाली.

कोळगावला, जिल्हा मुख्यालयाच्या समोर, तिथला रस्ता लांबरुंद आणि टेबलासारखा सपाट आहे ना, तिथे गाडी बंद पडली.

काका उतरले. बॉनेट उघडलं. पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. आणि पहिल्यांदाच ओरडले नाहीत. पट्टीवर दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मधे असावं लागतं. ते वरच्या खुणेच्या खूप वर, पार धरायच्या टोकाकडे चढलं होतं. काकांनी पट्टीकडे बघितलं. मग रस्त्याकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग हाताचा पंजा आडवा धरून पुढे वाकवला, आमच्या अंगणासारखा.

"तेल पुढे जात होतं," ते हळू म्हणाले. इतकं हळू मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "उतारावर तोंड खाली... पट्टी मागे. मी उतारावर मोजत होतो गो."

"मग तेल जात नव्हतं?" मी विचारलं.

"पयलं नाय. मी जास्त भरलं म्हणून इंजिन जाळायला लागलं. जाळलं की मी परत भरायचो." त्यांनी बॉनेटची कड धरली. "आन् आज सगळा डबा."

काकी आतून ओरडली. "तुमची लेव्हल मग बघा! पोरगीची बघा!"

काका वळले. क्षणभर मला वाटलं ते गाडीच ढकलायला लागतील. तेवढ्यात पालघरकडे जाणारी शेअर रिक्षा दिसली आणि काका रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. रिक्षावाल्याने ब्रेक दाबला आणि दोन शिव्या दिल्या. मग समिधाकडे बघितलं आणि तिसरी गिळली. आतले तिघं न सांगता उतरले. समिधा, काकी, पिशवी आत. काका थांबले, गाडीकडे बघत.

"चावी?" मी म्हटलं.

त्यांनी चावी माझ्याकडे टाकली, बॉनेट उघडंच सोडलं आणि रिक्षावाल्याच्या बाजूला जेमतेम कड मिळते तिथे टेकले. एक पाय बाहेर. "चल रे, चल, चल," असं थेट वळणापर्यंत ऐकू येत होतं.

मी उघड्या बॉनेटच्या सावलीत थांबले. मोबाइल वाजला तेव्हा उन्हं कलली होती. नाव काकांचं होतं.

"काका? काय झालं? गाडी कोणाला दाखवू?"

त्यांनी फोन लावला होता आणि बोलायचं विसरले होते. पलीकडे चपलांचा आवाज, स्टूल सरकल्याचा आवाज. आणि मग एकदम ते बारीक, चिरकं, रागावलेलं रडणं. कोणी बाई म्हणाली, "आजोबा, जरा बाजूला व्हा, दारातून. कधीपासून उभे आहात?"

"उभाच हाय," काकांचा आवाज आला, प्लँटमधला, पूर्ण सोडलेला. "बाय, मी मघापासून हितंच हाय!"