थांब म्हणणाऱ्यानं हलायचं नाही

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टर उडवत आले. "आदल्या रात्री शिळं काय खाल्लं होतंस?" हा माझा ठरलेला प्रश्न. त्यामुळे तुम्ही मला हसलात तर तक्रार नाही... फक्त शेवटपर्यंत वाचून हसा.

मी शेवगाव तालुक्यातली. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला तो कोल्हारच्या अलीकडे, नगर-मनमाड रस्त्यालगतच्या एका कॉलेजात. वीज मला नवी नव्हती. आमच्या विहिरीवर मोटर बिघडली की अण्णा खाली उतरायचे आणि मी वर स्टार्टरपाशी. मी ओरडून विचारायचं, "सोडू का?" खालून "सोड" आलं तरच बटण दाबायचं, "थांब" आलं तर थांबायचं. यात अण्णांचा एक नियम फार कडक होता. "थांब म्हननाऱ्यानंच मागून सोड म्हनायचं. तवर त्यानं जागा सोडायची न्हाई. तो निघून गेला तर वरचा वाट बघून बघून कटाळतो, अन् दाबतो." आमच्या भागात हे लहान पोरांनाही माहीत असतं. लॅबमध्येही आम्ही मुलंमुली सवयीनं हेच ओरडायचो, सर हसायचे.

पहिल्या वर्षाची गोष्ट. विषय अगदी प्राथमिक — सिरीज, पॅरलल, दिवे जोडा आणि मोजा. लॅबच्या कोपऱ्यात मेन पॅनेलभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा होता. प्रॅक्टिकलचा बोर्डही त्याच्याच आत. आत जेमतेम एक माणूस मावायचा. आत जाणाऱ्यानं आधी सगळे फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, म्हणजे बाहेरून कुणाला लाईट सोडताच येणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच आत शिरले. दुपारी परीक्षा होती आणि सिरीजचं वायरिंग मला अजून धड जमत नव्हतं. फ्यूज ॲप्रनच्या खिशात टाकले, दार ओढून घेतलं, कडी आपोआप बसली. शेवटचा स्क्रू आवळत होते तेवढ्यात मागून आवाज आला. "सोडू का?"

मला वाटलं, रोहिणी. माझी रूममेट, खर्डा गावची. हात कामात, डोकं कामात... तोंडातून आपसूक गेलं, "सोड."

दिवे लागले. सिरीजमध्ये लागतात तसे मंद, पिवळे.

एक क्षण खूश झाले, वायरिंग बरोबर आलं म्हणून. मग खिसा चाचपला. फ्यूज तिथंच होते. वळून पाहिलं तर लॅब रिकामी. टेस्टर दाराच्या कडीला लावला, तो पेटला. जाळीला लावला, तिथंही पेटला. चारही बाजूंना. मी पायाखालच्या रबरी मॅटवर हात छातीशी घेऊन उभी राहिले. श्वास घेतला तरी ॲप्रनची कड जाळीला लागेल असं वाटायचं. सांगायला लाज वाटत नाही, मी रडत होते.

तेवढ्यात रोहिणी आली. डबा धुऊन आली होती, हात ओले. ती सरळ कडीकडे निघाली. मी किंचाळले, हात लावू नको, जाळीत करंट आहे. बोर्डाची पाठ तिच्याकडे होती, तिला दिवे दिसत नव्हते. तिनं माझा फुगलेला खिसा पाहिला.

"आगं, फ्यूज तर तुज्याच खिशात हायेत की. करंट कुटून येईल?"

आम्हाला शिकवलं होतं तेच ती बोलत होती. तिचा हात कडीपासून वीतभर राहिला. मी तिच्याकडे नाही, तिच्या मागच्या रिकाम्या लॅबकडे बघून ओरडले, "बंद कर!"

"केली."

दिवे विझले आणि रोहिणीनं कडी काढली. तिला काही झालं नाही. फक्त बाहेर येताच तिनं मला विचारलं, "केली म्हनलं कोन?" म्हणजे तिनंही ऐकलं होतं.

सरांनी सगळं तपासलं. जाळीचं अर्थिंग उत्तम होतं, त्यामुळे तिच्यात करंट उतरूच शकत नाही म्हणाले. इन्व्हर्टर नव्हता, जनरेटरही नव्हता. परीक्षेची भीती, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. मग पॅनेल पुन्हा एकदा बघायला ते स्वतः पिंजऱ्यात शिरले... आणि माझ्या कानामागून शांतपणे आवाज आला. "सोडू का?"

या वेळी रोहिणीला ऐकू आलं नाही. मी म्हणाले, "थांब." "थांब कुणाला म्हनतीस?" रोहिणीनं विचारलं.

त्यानंतर आजपर्यंत काहीही झालेलं नाही. मुलं पिंजऱ्यात जातात, हसत बाहेर येतात. मी डिप्लोमा पास झाले, चाकणला नोकरी लागत होती, ती घेतली नाही. त्याच लॅबमध्ये असिस्टंट म्हणून राहिले. घरी रोज भांडण आहे. अण्णा म्हणतात, एवढी शिकलीस अन् तिथंच का अडकून पडलीस? त्यांना काय सांगू, नियम त्यांचाच आहे. इंडक्शन, बॅकफीड, वीज आडवाटेनं कशी येते त्याची सगळी पुस्तकं वाचून झाली. खुलासा माझ्याकडे नाही, कुणाकडे असेल तर सांगा.

तोवर मी सुट्टी घेत नाही. थांब मी म्हटलंय, आणि सोड मला कधीच म्हणता येणार नाही.