जर्मनचं पारायण

मे महिन्यात भद्रावतीत भरदुपारी कूलर बंद करणाऱ्या माणसाला खरं तर घराबाहेर काढायला हवं. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, गेल्या वर्षी तो रोज बंद करायचा, आणि आम्ही तीन बायका, आई, वहिनी आणि मी, घामानं निथळत तोंडातून ब्र काढत नव्हतो. जेवणं झाली की मधल्या खोलीत सतरंजी पडायची. कूलर बंद, पंखा बंद, दादाच्या उजव्या हाताशी स्पीकर. तो मांडी घालून बसला की पुढचा पाऊण तास कुणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, कुकर लावायचा नाही.

दादा कॉलनीत इलेक्ट्रिशियन, पन्नाशीला टेकलेला. डावा कान लहानपणी वाहून वाहून निकामी झालेला. त्या बाजूनं बोललं तर बंद दारापलीकडे कुणी आहे, एवढंच त्याला कळायचं. सगळा संसार उजव्या कानावर चाललेला. आणि गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याच कानाच्या नसेवर गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. गाठ कॅन्सरची नाही, पण मोठी झाली आहे, मेंदूला रेटते आहे. काढावीच लागेल, आणि काढताना त्या कानाचं ऐकणं वाचणार नाही. "थांबू नका," असं त्यांनी आम्ही उठल्यावर पुन्हा सांगितलं.

दादानं मान डोलावली, ऑपरेशनची तारीख घेतली आणि घरी येऊन ती पुढे ढकलली.

"आधी जर्मन पुरे आयकतो," तो म्हणाला. "मंग कापा काय कापाचं ते."

जर्मन म्हणजे एक जर्मन रॉक बँड. आईच्या डोक्यात जर्मन म्हटलं की ॲल्युमिनियमची पातेली, म्हणजे आमच्याकडचे गंज येतात, त्यामुळे तिनं पूर्वी एकदा विचारलं होतं, "गंजावर वाजवतेत का थे?" मी दहावीत होते तेव्हा शेजारचे एक इंजिनिअर बदली होऊन गेले आणि जाताना कॅसेटींचा खोका दादाकडे टाकून गेले. त्यातली एक या बँडची होती, कुणीतरी रेकॉर्डवरून भरून घेतलेली. एकेक गाणं पंधरा-पंधरा मिनिटांचं, खाली घुमणारं ऑर्गन, आणि गाणाऱ्याचं इंग्रजी आमच्यासारखंच अवघडलेलं. दादाला तो माणूस त्यासाठीच आवडला. "हा बी आपल्यासारखाच अडखळते," तो खुशीत म्हणायचा. शेवटचं गाणं ऐन रंगात आलं की टेप संपायची. खट्. किती वर्षं आमच्यासाठी ते गाणं तिथंच संपत होतं, आणि पुढे काय असेल यावर आम्ही भांडायचो.

मोबाईलचे दिवस आल्यावर एकदा मी त्यांचं नाव टाकून पाहिलं, तर पुरी माळच निघाली. वीसेक अल्बम, पन्नास वर्षांचं काम. "रिटायर झालो का निवांत आयकू," असं दादा म्हणाला होता. आता ते निवांत संपलं होतं.

नुसतं एवढंच असतं तर वहिनीनं त्याची कॉलर धरून त्याला नागपूरला नेलं असतं. पण दादा बोलला आईसमोर, आणि बोलला असा: "पयल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं, रोज एक. एकबी गाळणार नाई." आईनं जन्मभर पोथीची पारायणं केलेली. तिला हे ऐकून संकल्पच वाटला. तिनं देवापुढे दिवा लावला आणि वहिनीला सांगितलं, "आता मधात कोनी बोलू नका. अर्धवट सोडत नाई." झालं. आमच्या घरात डॉक्टरांची तारीख पुढे जाऊ शकते, पारायण मोडत नाही. मी शिकलेली, चार वर्गांना विज्ञान शिकवणारी. मी तरी काय केलं? कुरखेड्याजवळच्या माझ्या शाळेला सुट्टी लागल्या लागल्या गडचिरोली-चंद्रपूर करत बसनं येऊन पोचले आणि सतरंजीवर त्याच्या बाजूला जाऊन बसले. मलाही ते सगळे अल्बम ऐकायचे होते. जीव टांगणीला लागलेला असताना माणसाला असली हौस सुचते, याचा मला तेव्हाही राग येत होता.

पहिला अल्बम ओबडधोबड निघाला. नुकतीच गिटार हातात घेतलेली पोरं, मोठ्यांदा वाजवलं की चांगलं होतं अशी समजूत. दुसऱ्यात ऑर्गन आलं आणि दादा सरळ होऊन बसला. तिसऱ्या-चौथ्यात त्यांना लांबलचक गोष्टी सुचायला लागल्या, कुठल्या ग्रहावरून निघालेला माणूस, वाटेत हरवलेला. मग आपसांत भांडणं होऊन बँड फुटला, गाणारा तेवढा उरला आणि त्यानं नव्या गड्यांना घेऊन पुन्हा उभारणी केली. हे सगळं मी फोनवर वाचून आधी सांगायचे आणि मग बटण दाबायचे. पोथीआधी माहात्म्य सांगतात तसं.

मग आमच्या कॅसेटचा अल्बम आला. शेवटचं गाणं सुरू झालं तशी आम्ही दोघांनी श्वास धरला. टेप संपायची ती जागा आली. दादानं डोळे मिटले. खट् झालं नाही. गाणं पुढे गेलं, ऑर्गन एकटंच राहिलं, खाली खाली उतरत गेलं, आणि त्याखालून कुणीतरी बायका गुणगुणल्यासारखा सूर आला. यातलं काहीच आम्ही कधी कल्पिलं नव्हतं. दादा लहान मुलासारखा रडला. मीही रडले. वहिनी दारात उभी होती, ती मात्र रडली नाही.

संध्याकाळी मोरीपाशी तिनं मला गाठलं. "बाई, थ्या लोकायले आयकासाठी कान पायजे ह्याईले. माहा आवाज शेवटचा आयकावा, असं नाई वाटत का ह्याईले?"

मग तिनं विचारलं, "एकाच दिवशी दोन लावून देता नाई येत का? ह्याईले काय समजते कोनता कुठी संपला ते." आदल्या दिवशी दादा न्हाणीत भेलकांडून पडला होता आणि ते तिनं आईपासून लपवलं होतं.

त्यानंतर गाडी अडायला लागली. पारायणात मधे उठलं तर तो अध्याय पहिल्यापासून, हा आईचा नियम. दादाला तो बरोबर सापडला. कधी रस्त्यावर कोळशाच्या ट्रकनं हॉर्न दिला म्हणून, कधी फोन वाजला म्हणून, कधी पाणी प्यायला उठावं लागलं म्हणून अल्बम मोजायचाच नाही, उद्या पुन्हा. ऐंशीच्या दशकातले अल्बम तर त्याला आवडतही नव्हते. ढोलकऱ्याच्या जागी मशीन, कीबोर्ड लग्नातल्या बँजो पार्टीसारखे. आणि नेमके तेच तो दोन-दोन दिवस ऐकत होता. ठरलेली तारीख जवळ आली, आणि त्यानं परस्पर फोन करून ती आणखी पुढे नेली. आवाज रोज थोडा वाढवावा लागत होता. चालताना तो भिंतीला हात लावून चालायला लागला. चमचा तोंडाशी नेताना ओठाची उजवी बाजू बधिर वाटते, असं मला एकटीला म्हणाला, आणि वर, "सांगू नोको."

एका दुपारी अल्बम निम्म्यावर आला असताना दादा एकदम उठला. "बेल वाजली." दार उघडून आला. बाहेर ऊन आणि रिकामा रस्ता.

"बेल नाही वाजली, दादा."

"वाजली. मले आयकू आली."

मी त्याच्याकडे बघत राहिले. खोटं बोलतोय की कानच खोटं सांगतोय, काही कळेना. गाठीमुळे कानात आवाज येतात हे मला माहीत होतं. दोन्हींतलं कुठलंही खरं असलं तरी वाईटच होतं. माझं डोकं फिरलं. मी स्पीकर बंद केला आणि त्याच्या उजव्या कानापाशी जाऊन ओरडले, "तुला संपवायचंच नाहीये हे! मरायचंय का?"

तो शांतपणे पुन्हा खाली बसला.

"भेव वाटते मले," तो म्हणाला. "हे सरलं का मंग काईच नाई. तू बोलून राह्यली अन् मले फक्त तोंड हलताना दिसन. तुमी सगळे काचेच्या पल्याड अन् मी एकटाच इकडे. सरू देऊ नको न बाई."

माझ्या सगळ्या रागाचं पाणी झालं. मी स्पीकर सुरू केला आणि अल्बम पहिल्यापासून लावला. त्या दिवशी मी त्याला सामील झाले, हे वहिनीला आजतागायत माहीत नाही.

चार अल्बम उरले असताना तो सकाळी अंथरुणातून उठूच शकला नाही. खोली फिरते म्हणाला, ओकाऱ्या थांबेनात, एका वस्तूच्या दोन दिसायला लागल्या. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तडक आणा म्हणून सांगितलं, आवाज चढवून. वहिनी गाडी सांगायला धावली. आणि दादा पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून म्हणतो, "चार राह्यले. चार दिवस द्या मले." त्याला उचलायला गेले तर त्यानं माझा हात झटकला. तेवढी ताकद त्याच्यात कुठून आली कोण जाणे.

मी आईकडे वळले. हे तिनंच बांधलं होतं, सोडवायचं तर तिनंच. मी फार वाईट बोलणार होते तिला, जिभेवर आलंही होतं.

आई भिंत धरत पलंगापाशी आली. त्याच्या उजव्या बाजूला बसली, कानाशी वाकली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली.

"बापू, आयक. तू पोटात होता तवा माह्या पोथीचा पाचवा दिवस होता. कळा सुरू झाल्या. मी उठाले तयार नोती. मामाजी, तुहे आजोबा, मनले, पोरी, अडचन आली तर उरलेलं दुसऱ्यानं वाचलं तरी चालते, पुन्य ज्याचं त्यालेच लागते. मी दवाखान्यात गेली, मामाजीनं पोथी पुरी केली. अन् तू झाला." तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. "तुह्यात काई कमी राह्यलं का? उरलेलं तुही बहीन आयकन. जा."

दादानं माझ्याकडे पाहिलं. "नियमानं आयकशीन?"

"नियमानं."

"कूलर बंद करून?"

"हो रे, बंद करून."

त्यानं पलंगाची कड सोडली.

नागपूरपर्यंतच्या रस्त्यात मी पुढे बसले होते. मागे दादाचं डोकं वहिनीच्या मांडीवर, उजवा कान वर. वरोरा मागे पडलं तशी वहिनी बोलायला लागली ती थांबेचना. शेजारणीनं पापड बिघडवले, गच्चीवरची टाकी गळते, लग्नात त्याचा फेटा किती मोठा होता, भाचीच्या नव्या ड्रेसचा रंग उतरला, पहिल्यांदा ती सासरी आली तेव्हा त्याच्यावर का चिडली होती. तिच्या आवाजाला कसला सूर नव्हता, घसाही बसला होता. दादा डोळे मिटून ऐकत होता आणि मधेच म्हणायचा, "मंग?" ती पुढे सांगायची. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं तरी तिचं वाक्य पुरं झालं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली, जीव वाचला, तोंडही वाकडं झालं नाही. उजवा कान गेला. डाव्या कानाला मशीन लावून पाहिलं. नुसता गोंगाट होतो म्हणून तो ते काढून ठेवतो.

आम्ही घरी आलो आणि टाके सुकल्यावर मी राहिलेले चार अल्बम लावायला घेतले. शाळा सुरू व्हायची होती, म्हणून सलग रोज एक. दादाच्या जागी मी मांडी घालून बसायचे, तो समोर भिंतीला टेकून. कूलर त्यानं स्वतः उठून बंद केला. मी ऐकायचे आणि तो माझ्याकडे बघायचा. माझ्या तोंडावर जे दिसेल तेवढंच त्याला मिळणार होतं, त्यामुळे मला रडता येईना आणि कंटाळताही येईना. ढोल जोरात आले की मी मांडीवर बोटं वाजवायचे, तो लगेच स्वतःच्या मांडीवर तीच लय धरायचा. गिटार लांबली की मी हात हवेत वर न्यायचे. पन्नाशीतला माणूस आणि चाळिशी उलटलेली बाई, कुणी खिडकीतून पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं!

शेवटच्या अल्बममध्ये गाणारा म्हातारा झाला होता. आवाज पातळ, इंग्रजी अजून तसंच अडखळतं, पण घाई कुठेच नव्हती. मी सगळं अंग डोळ्यांत आणि हातांत आणून ते त्याला पोचवत होते. शेवटचं गाणं हळूहळू विरत गेलं आणि संपलं.

दादाला ते कळलं नाही. तो बोटांनी मांडीवर ठेका धरून होता, डोळे माझ्या हातावर. मी हात थांबवणार होते. थांबवला नाही. खोलीत कसलाही आवाज नव्हता, आणि मी आपली मान डोलवत, बोटं हलवत बसले, मनाला येईल ते वाजवत. तो माझ्या मागून येत होता. कितीतरी वेळ आम्ही ते ऐकलं.

समाप्तीचा प्रसाद म्हणून आई शिऱ्याची वाटी घेऊन दारात आली. तिला स्वयंपाकघरातून ऐकू आलंच असणार की केव्हाचं संपलंय. तिनं माझ्याकडे पाहिलं, दादाच्या हलणाऱ्या बोटांकडे पाहिलं, आणि वाटी तशीच घेऊन पाय न वाजवता परत गेली.