आईच्या ताटावरून उठलेला

मागच्या वर्षी माझ्या नवऱ्यानं जेवण सोडलं. उपास नव्हता. मी पापी आहे, घास उतरत नाही, म्हणायचा.

आम्ही साक्रीकडचे ख्रिस्ती. त्याचा धाकटा भाऊ जुन्या देवांचाच राहिला. त्याच्या शेतात देवाला बोकड कापला, तिथे माझा म्हातारा नैवेद्याचं मटण जेवून आला आणि हे सुरू झालं. चर्चमध्ये प्रभुभोजनाचं ताट आलं की न घेता पुढे सरकवायचा. पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, "बाबा, मटण खाल्ल्यानं देव कोणाला टाकत नाही." म्हाताऱ्यानं मान हलवली. ते गेले आणि पुन्हा तेच. गुडघ्यावर बसून माफी मागायची, उठून मला विचारायचं, "मिळाली असेल का?"

"मी काय देवाची कारकून आहे?" मी ओरडायचे. पण त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. हा असाच मरणार, असं मला वाटायचं. प्रार्थनेला बसले तर तोंडातून शब्द निघेना.

एकदा खिचडी भरवताना त्यानं वाटी ढकलली, हाताच्या पालथ्या बाजूनं. ते ढकलणं माझ्या ओळखीचं होतं. आमचा बाप्तिस्मा झाल्यावर सासू भाकर वाढायची, तेव्हा तो असंच ताट ढकलून उठायचा. त्या चुलीवर देवाचा नैवेद्य शिजतो, म्हणायचा. साधी ज्वारीची भाकर. सासू मरेपर्यंत त्यानं तिच्या हातचं खाल्लं नाही.

मी म्हटलं, "बोकडाचं नाव कशाला घेता? आईचं ताट टोचतंय तुम्हाला."

तो भिंतीकडे तोंड करून रडला. मी समजूत काढली नाही. दिराला निरोप धाडला. तो फडक्यात भाकर बांधून आला.

"खाय ले, भो. मायना हातनी नही, पन चूल तीच शे."

"माय माफ करी का माले?"

"मन्हाकडथून माफ शे. मायनं मी कसं सांगू?"

खरंच बोलला, आईच्या वतीनं तो कसं माफ करणार? म्हाताऱ्यानं अर्धी भाकर खाल्ली.

रविवारी ताट आलं. त्याचा हात पुढे गेला, थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"घ्या," मी म्हटलं. "नाहीतर मीपण घेत नाही."

त्यानं तुकडा घेतला. गिळायला फार वेळ लावला.

घरी आल्यावर त्यानं पुन्हा विचारलं, "मिळाली असेल का?"

या वेळी मी ओरडले नाही. माहीत नाही म्हटलं, आणि तव्यावर भाकर टाकली.