आबांच्या सहा फळ्या

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घरी बसून चार महिने झाले होते आणि घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना दोन-दोनदा तेल घालून झालं होतं. खिडक्या झाल्या, कपाट झालं, माझ्या शिलाई मशीनचं झाकण झालं, शेजारच्या वहिनींचं गेटसुद्धा झालं. मग तेल घालायला काही उरलं नाही म्हणून ते पंख्याकडे बघत बसायचे, आणि मला त्यांचं ते बघणं बघवत नसे. मी स्वभावाने चिडकी आहे. माणूस रिकामा बसलेला दिसला की मला आधी राग येतो. दया येते, पण ती मागाहून, सवडीने.

आमचं घर सुरतेत, उधन्याला. आबा लग्नाआधीच खानदेशातून सुरतेला आले आणि तेव्हापासून एकाच खात्यात होते. इथे मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. त्या मागांचा आवाज असा की कारीगर बहिरा होतोच, लवकर की उशिरा एवढंच काय ते नशीब. आबा मी शाळेत होते तेव्हाच बहिरे झाले. त्यामुळे आमच्या घरात सगळं बोलणं ओरडून चालतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी गल्लीला कळतं. मी लग्न करून गेले होते ती सहा वर्षांनी परत आले, त्याची कारणं इथे उगाळत बसत नाही. पुढे आई गेली आणि घरात ओरडणारी मी एकटी उरले.

शेठने जुने माग भंगारात काढले, नवी मशिनं आणली आणि आबांना घरी बसवलं. त्यांच्यासाठी खाली गुळगुळीत फरशी हवी होती. जुन्या मागांच्या मधल्या अरुंद गल्लीत कारीगरांना उभं राहायला सागाच्या फळ्या टाकलेल्या असायच्या, त्या सगळ्या उपटून अंगणात फेकल्या. आबांनी त्यातल्या आपल्या गल्लीतल्या सहा मागून घेतल्या आणि टेम्पोत घालून घरी आणल्या. इतक्या वर्षांत त्यांनी खात्यातून घरी आणलेली ही एकच वस्तू. "साग शे साग," एवढंच ते म्हणाले, आणि फळ्या जिन्याखाली उभ्या करून पुन्हा पंख्याखाली जाऊन बसले.

मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. कापड जमिनीवर पसरून बेतते, आणि संध्याकाळी उठताना भिंतीला धरून उठते. त्या दिवसांत एक बाई मला शाळेच्या गणवेशांचं काम देऊ करत होती. पण ते काम थरावर थर ठेवून एकदम कापायचं, त्याला सात फुटांचं टेबल लागतं. मी नाही म्हटलं आणि घरी येऊन तो राग आबांवर काढला. टेबल नाही, जागा नाही, या घरात काही म्हणजे काही नाही, असं बरंच ओरडले. त्यांना त्यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिन्याखालच्या फळ्या एकेक करून गच्चीवर नेताना दिसले.

पुढचे आठ दिवस आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे मला मान्य करायला हवं. आबांनी कुठूनसा रंधा मागून आणला. वरचा काळा थर निघाला आणि खालून मधासारखा रंग वर आला, तसं त्यांनी मला शिवण टाकून वर बोलावलं. फळ्यांच्या कडा ते दोन-दोन करून एकमेकींना लावून उजेडासमोर धरत. फटीतून उजेड दिसला की पुन्हा रंधा. मग फळ्या मांडायचा क्रम: एक उताणी, एक पालथी, म्हणजे पुढे सगळ्या मिळून एकाच बाजूला वाकत नाहीत. हे त्यांना कोणी शिकवलं होतं ते मला माहीत नाही. ते जेवताना घास हातात धरून थांबायचे, आणि मला कळायचं की हे आत्ता गच्चीवर आहेत. मी चिडायचं विसरले होते.

चिकटवायच्या दिवशी मी गोंदाचा डबा धरून उभी होते. फर्निचरला वापरतात तो पांढरा गोंद. आबांनी तो बोटाने कडांना लावला, सहाही फळ्या जुळवल्या, भोवती भंगारवाल्याकडून आणलेले मागाच्या मोटरचे जुने पट्टे गुंडाळले आणि पट्ट्यांखाली लाकडी पाचरी ठोकून ते ताणले. पाचही सांध्यांतून गोंदाचे थेंब ओळीने वर आले. ते त्यांनी ओल्या फडक्याने पुसले. फळ्या वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर पाण्याने भरलेली दोन पिंपं ठेवली. मग ते हात मागे बांधून त्या टेबलाभोवती एक चक्कर मारून आले आणि मला म्हणाले, "त्या बाईले फोन लाव." मी लावला. गणवेशाचं काम मी घेते म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टे सोडले. आम्ही दोघांनी दोन्हीकडून धरून ते उभं केलं आणि ते मधोमध उघडलं. मोडलं नाही, तुटलं नाही. एखाद्याने धरलेला हात सोडून द्यावा तसं सुटलं. आबांनी कडेवर नख फिरवलं तर वाळलेला गोंद दुधावरच्या सायीसारखा अखंड निघून आला आणि खालचं लाकूड होतं तसं कोरं.

"मळ व्हई," आबा म्हणाले, म्हणजे कडांना मळ राहिला असेल. मागावर काम केलेल्या माणसाला मळावर एकच औषध माहीत असतं. हात काळे झाले, रॉकेलने धुवा. सुटे भाग माखले, रॉकेलमध्ये बुडवा. हल्ली रॉकेल सहज मिळत नाही, तर त्यांनी जुन्या फिटरकडून बाटली आणली आणि सहाही फळ्यांच्या कडा चिंधीने मनापासून धुतल्या. उन्हात वाळवल्या. पुन्हा गोंद, पुन्हा पट्टे, पुन्हा पिंप. या वेळी ते उभं करायचीही गरज पडली नाही. पट्टा सोडताच तीन सांधे आपोआप उघडले.

गल्लीत एका घरी फर्निचरचं काम चालू होतं. तिथल्या उत्तर भारतीय सुतार-मिस्त्रीला मी जरा वर येऊन बघायची विनंती केली. तो जिना चढत आला, दोन पायऱ्या उरल्या असताना थांबला आणि मला विचारलं, "बहनजी, ऊपर खाता चलता है क्या?"

मी म्हटलं, नाही, वर गच्ची आहे.

"तो ये तेल की बास कहाँ से आ रही है?"

मी जोरात श्वास घेतला. मला काहीच वास आला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला तो कधी येणारच नाही. आबांच्या कपड्यांना, उशीला, डब्याला, लहानपणी त्यांनी मला कडेवर घेतलं त्या खांद्याला तोच वास होता, आणि आम्ही त्यालाच हवा समजत आलो. मिस्त्रीने पटाशीने फळीचा एक कोपरा खोल तासला, तासलेला तुकडा नाकाशी धरला आणि मान हलवली. "ये लकडी बरसों से मशीन का तेल पी रही है. ऊपर से केरोसिन लगाया, तो तेल और अंदर गया. कितना भी गोंद डालो, ये नहीं पकडेगी."

आबा समोरच उभे होते. त्यांची नजर मिस्त्रीच्या ओठांवर, मग माझ्या तोंडावर. "काय सांगस तो?"

आता हे मला ओरडून सांगायचं होतं. तुमच्या फळ्या फुकट आहेत, तुम्ही ज्यावर जन्मभर उभे राहिलात ते आता कशालाच चिकटणार नाही, हे मला गच्चीवरून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं होतं. माझी जीभ रेटेना. तोंडाला आलं ते मी बोलून टाकलं.

"पट्टा ढिला पडनात सांगस! जोर कमी पडना!"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, पटाशी खिशात घातली आणि खाली उतरला. मला वाटलं, मी मोठं शहाणपण केलं. जोर काय, पुढच्या वेळी जास्त लावता येतो. लाकडावर आळ आला नाही, माणूस उमेद धरून राहिला. आणि दोन-चार प्रयत्नांनी कंटाळून स्वतःच सोडून देतील, असाही एक हिशेब मनाशी होता.

त्यांनी तीन वेळा आणखी केलं. पाचरी वाढवल्या, पट्ट्याला काठी अडकवून पीळ दिला, ताणताना मानेच्या शिरा फुगल्या. मी गोंदाचा डबा धरून उभी राहायचे आणि मला शेवट आधीच माहीत असायचा. तीन वेळा सांधे उघडले. तिसऱ्यांदा ते खाली बसले, दोन्ही पंजे मांडीवर उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "मना हात गयात व माय." माझे हात गेले.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी शिवायच्या कापडाचा ढीग होता. तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा बघून धीर झाला नाही. खरं तर मला त्यांच्या चेहऱ्याची जेवढी भीती होती, तेवढीच मी खोटं बोलले हे कबूल करायची लाज होती. दिवस जात राहिले आणि आबा आपल्या हातांवर पाळत ठेवू लागले. चहाचा कप उचलताना थांबून बोटांकडे बघायचे. असं कोणी बघत बसलं तर कोणाचाही हात कापेल. त्यांचाही कापू लागला. बरणीचं झाकण माझ्याकडे येऊ लागलं, शर्टाची वरची गुंडी माझ्याकडे आली. दाढी करायला ते कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जाऊ लागले. गणवेशाचं काम मी परत केलं. ती बाई बोलायचं ते बोलली. फळ्या गच्चीवर सुट्या पडल्या होत्या आणि आबा गच्चीवर जायचे बंद झाले होते. ते पुन्हा पंख्याखाली बसत. आता मला त्यांचा राग येत नव्हता, आणि त्याने फार जड वाटत होतं.

अशात एका रविवारी सकाळी जुन्या खात्यातला मास्तर आला. मास्तर म्हणजे कारीगरांवर देखरेख करणारा माणूस. तो गुजराती, वयाने आबांपेक्षा लहान, आणि आबांना मानणारा. पलीकडच्या एका छोट्या खात्यात तो लागला होता, तिथे अजून जुनेच माग होते. मागावरचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा मोठा रूळ, संपला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याला बोटांनी पीळ देऊन सांधावा लागतो. हजारो धागे, केसासारखे बारीक. मोठ्या खात्यांत ते यंत्र करतं, पण या छोट्या खात्याला माणूस हवा होता. आबांचा सांधा मागातून जाताना कधी सुटत नाही, असं त्या सगळ्या भागात बोललं जायचं.

मास्तरने आबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून उद्यापासूनच यायला सांगितलं, "काका, काले आवी जाव! बेठुं काम छे. तमारा जेवो हाथ कोईनो नथी!"

आबांना ऐकू गेलं. त्यांचा चेहरा उजळला, मी पाहिला. आई गेल्यापासून मी तो चेहरा पाहिला नव्हता. मग त्यांनी मांडीवरच्या हातांकडे पाहिलं, आणि जे काही उजळलं होतं ते माझ्या डोळ्यांदेखत विझलं. "नही भाई," ते म्हणाले. "पाच सांधा जुळाडता उनात नही माले. हजारो काय जुळाडसू?" आणि मास्तरला कळावं म्हणून दोन्ही पंजे समोर करून नकाराचे हलवले.

मी मशीनवरून उठले. जे चार पावलं चालून महिन्यापूर्वी सांगायचं होतं, ते बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं. "आबा! लाकूडमा तेल शे! हात नही, लाकूडच खराब शे! तो मिस्त्री हाईच सांगे! मी खोटं बोलनू तुमले! तुमना हात चांगला शेतस, आबा!"

मास्तर गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. खालच्या गल्लीत कोणीतरी चालता चालता थांबलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. शब्द न् शब्द पोचला होता, कारण ते माझ्याकडे बघून हसले. लहान मुलाने आपल्या वाटचा खाऊ पुढे केला तर मोठी माणसं हसतात, तसं.

"राहू दे व पोरी," ते म्हणाले. "माले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन बोली राह्यनी तू."

मी पुन्हा ओरडले. शपथ घेतली, आईची घेतली. ते मान हलवत राहिले. मास्तर अवघडून उठला, पाहू म्हणाला आणि निघून गेला. दोन दिवसांनी त्याने दुसरा माणूस ठेवल्याचं कळलं. पण ते नंतरचं. त्या वेळी मी तिथेच भिंतीशी बसून रडत होते, आणि आबा उठून माझ्याजवळ आले, माझी समजूत काढायला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. तो हात जराही कापत नव्हता. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता.