तळहाताने ऐकणारा माणूस

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही, आणि हे लेकीला सांगायचं नाही अशी मला शपथ! जन्म गेला शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात. कारखान्यात रांगच्या रांग खडखडायची, तिथेच कान कमी झाले आणि गेल्या वर्षात पार गेले. धंदा मात्र गेला नाही. मशिनवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "खालचा स्क्रू ढिला आहे."

"अगं, मशीन काय, पंखा काय, माणसाचा गळा काय," हे मलाच शिकवतात, "काहीतरी थरथरल्याशिवाय आवाज होत नाही. थरथर कळली की झालं."

डोंबल झालं! मी म्हणते भाजी संपली, हे म्हणतात, "हो, छान." थोडं ऐकू येत होतं तेव्हा कानाचं यंत्र आणलं, तर ते बॉबिनच्या डब्यात पडलंय. "त्यात सगळंच ओरडतं," म्हणे, "नळ, भांडी, तू."

तेही गिळलं मी. पण लेक परगावी नोकरीला निघाली तेव्हा हे 'नको' म्हणाले होते. आता तिचा फोन आला की माझ्या हातात कोंबतात. काल ती रडायलाच लागली. "आई, बाबा अजून रागावलेत ना? एक शब्द बोलत नाहीत."

माझं डोकंच फिरलं. कसली मेली ही ऐट! फोन स्पीकरवर टाकून ह्यांच्यापुढे आपटला आणि बोट दाखवलं. बोला!

ह्यांनी सवयीने फोनवर तळहात ठेवला, डोळे मिटले. पलीकडे लेक "बाबा, बाबा" करत होती. मग गप्प झाली, वाट बघत.

"बंद पडला," हे म्हणाले. थरथर थांबली म्हणजे फोन कटला, असा ह्यांचा हिशेब! मी खुणा करतेय, पण डोळे उघडतील तर ना. "बरं झालं. काय बोलू तिच्याशी? ती 'बाबा' म्हणते आणि मला ऐकूच येत नाही गं. कळलं तर नोकरी सोडून धावत येईल पोर."

एवढी वर्षं संसार केला, आणि मी ह्याला ऐट समजत होते.

इतक्यात फोनमधून हुंदका आला. हे दचकले. डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागले.

"आता सांगा," मी ओरडले, "कुठला स्क्रू ढिला आहे?"

ह्यांना ते ऐकू आलं नाही. पण फोनवरचा हात ह्यांनी काढला नाही.