माझ्या अक्षरातली चिठ्ठी

"म्हणजे तुम्ही आहात होय? आम्हाला तर सांगितलं, त्या डॉक्टरीणबाई वारल्या."

सातपूरच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात, भर दुपारी, एक अनोळखी माणूस खुर्चीत बसून मला हे ऐकवत होता. गाल टम्म सुजलेला. "कोणी सांगितलं?" मी खेकसले. त्यानं खिशातून झेरॉक्स काढली. माझं अक्षर, माझी सही, वर दुसऱ्याच कुणाचं नाव आणि दोन वर्षांपूर्वीची तारीख. सुजेसाठी कॅप्सूल, दिवसातून तीनदा, पाच दिवस. माणूस कळवणचा. मी आयुष्यात कधी कळवणला गेले नव्हते.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कुठलीही चिठ्ठी दाखवा, मेडिकलवाला औषध द्यायचा. तरी आपलं अक्षर परक्याच्या खिशातून निघालेलं बघून कसंसंच झालं. हिरडीला चीर देऊन पू काढला, दाढ काढली आणि त्याला चांगलं झापलं. "अहो, कॅप्सूलनं दुखणं थांबतं, दाढेखालची घाण तिथंच राहते! म्हणून तर मी प्रत्येक चिठ्ठीवर खाली लिहिते, दाढ काढायला येणे. दिसत नाही का?"

"ते नाय लिहिलेलं," तो म्हणाला.

"झेरॉक्समध्ये कापलं गेलं असेल," म्हणत मी कागद फाडून टाकला.

महिनाभरात आणखी दोघं आले. तीच चिठ्ठी, दर वेळी थोडी जास्त पुसट. दवाखान्यात एकटी असले की वाटायचं, बाहेर कुठेतरी दुसरी एक मी बसलेय, आणि ती तोंड न बघता, काही न विचारता औषध देत सुटलीय. खरं सांगते, मला तिची भीती वाटायची.

मग एका दुपारी, जवळच्या कंपनीची पहिली शिफ्ट सुटल्यावर, एक कामगार बायकोला घेऊन आला. "ओळखलं का मॅडम? ही तुमचीच चिठ्ठी." हातात प्लॅस्टिकचं लॅमिनेशन केलेली मूळ चिठ्ठी. वरचं नाव त्याचंच. "लय गुण हाय हिच्यात. आख्ख्या कंपनीला लागू पडली. हिलाबी दोनदा उतार पडला. आता चार दिवस झाले, सूज उतरतच नाय."

"आणि तुमची दाढ?"

"ती? ती दुखतच नाय की!" तो हसला.

मी बायकोकडे वळले. हनुवटीपासून गळ्यापर्यंत सूज, हाताला लाकडासारखी कडक. तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. खालून जीभ वर उचलली गेली होती. लाळ गिळता येईना म्हणून पदर ओला झालेला. ती बोलली तर तोंडात गरम घास धरल्यासारखा आवाज आला. पुस्तकात हा आवाज वाचला होता. पू गळ्यात उतरला होता, श्वास कधीही बंद पडणार होता.

रिक्षा मागवली. नवरा तिला मांडीवर आडवी करायला लागला तशी मी ओरडले, "बसवून ठेव, अरे बसवून!" सरकारी दवाखान्यापर्यंत ती माझा हात धरून बसली होती. प्रत्येक खड्ड्याला तिचा श्वास अडकायचा आणि मग शिट्टी वाजल्यासारखा परत यायचा. एकदा ती त्या घास धरल्यासारख्या आवाजात म्हणाली, "पोरगी शाळेतून येईल. घराला कुलूप हाय."

तिला आत नेलं. गळ्याला चीर देऊन श्वासासाठी नळी घातली, जबड्याखाली कापून पू काढायला घेतला. बाहेर बाकावर नवरा चिठ्ठी दोन्ही हातांत धरून बसलेला. माझा तोल सुटला. "देवाची मूर्ती आहे का ती? वाच खाली काय लिहिलंय! वाच!"

त्यानं उलटून पालटून पाहिलं आणि माझ्यापुढे धरली. "कुठं, मॅडम?"

कागद अख्खा होता. तळाशी छापलेल्या दवाखान्याच्या वेळासुद्धा शाबूत. माझी सही आणि त्या वेळा यांच्यामध्ये कोरी जागा होती. मला तो दिवस आठवला. त्याची दुसरी शिफ्ट होती, माझी घरी जायची घाई. दाढ काढलीच नव्हती, आणि ती ओळ लिहिलीच नव्हती. बाहेर बसलेली ती दुसरी बाई मीच होते. मी त्याच्या शेजारी बाकावर बसून ढसाढसा रडले. तो बिचारा मलाच धीर देत होता.

ती वाचली. त्याची न दुखणारी दाढ मी त्याच आठवड्यात काढली. चिठ्ठी मागितली, तर म्हणाला, "बायकोनं ठेवून घेतली." मग मीही विषय सोडला.

पुढे किती वर्षं गेली. ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले, तेव्हा इगतपुरीकडचा एक म्हातारा आला. त्यानं घडीची झेरॉक्स टेबलावर ठेवली. माझं अक्षर जवळपास उडालेलं.

"बाबा, ही कुणी दिली?"

"गळ्यावर वण असलेली एक बाई देते. म्हणते, खालची ओळ मला वाचून दाखवल्याबिगर देणार नाय."

सहीखालच्या कोऱ्या जागेत जाड, गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: आधी दाढ काढून घ्या, मग कॅप्सूल. मी मरता मरता वाचले.